फोनच्या पाठीवरची सासू

ला फेरिएर, १६ ऑक्टोबर

प्रिय सोलांज,

रविवारी दुपारी आई ल हाव्रच्या क्लोतिल्दमावशीला फोन लावायची, ते तुला आठवतं का? भट्टीत तेर्गूल असायची. चर्चमधून आल्याबरोबर, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता आई मातीच्या भांड्यात दूध, तांदूळ, साखर आणि दालचिनी घालून ते आत सरकवायची, आणि ती खीर मंद आचेवर दुपारपर्यंत शिजत राहायची. वर तपकिरी, जाड साय धरायची. पण आपलं भांडण सायीवरून नसायचं. ते सासूवरून असायचं.

फोनच्या पाठीवर आकड्याला अडकवलेला तो दुसरा कान, गोल, काळ्या वायरचा. एकाने बोलायचं आणि शेजारच्याने तो कानाला लावून नुसतं ऐकायचं. गावात सगळे त्याला सासूच म्हणत. बाबा म्हणायचे, खऱ्या सासूत आणि हिच्यात फरक एवढाच की ही बोलत नाही. मग टेबलाच्या टोकाला बसलेली आजी, आईची आई, चमचा खाली ठेवायची, आणि गुरांचे डॉक्टर असलेल्या बाबांना एकदम कुठल्यातरी आजारी गाईची आठवण व्हायची.

आईचा न्याय ठरलेला होता. एकीला सासू, एकीला साय. मी मोठी म्हणून सासू माझी. मी आईच्या कोपराला चिकटून उभी राहायची आणि मावशीच्या गुडघ्यांची कहाणी ऐकायची. तू समोर बसून चमच्याने साय उचलायचीस, माझ्याकडे बघत बघत. मी ऐकताना मध्येच हसले तर आई बोट उगारायची. सासू कानाला लावली की बोलायचं नाही, तिथून पलीकडे काही जात नाही आणि इथे मात्र सगळा गोंधळ होतो, हा तिचा नियम.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आपली जुनी लाइन गुरुवारी बंद झाली. तांब्याच्या तारा काढून टाकताहेत, पूर्ण गावाला तशी पत्रं आली होती. आईने खांबावरच्या माणसाला खिडकीतून विचारलं, "आणि माझी मुलगी मला फोन कशावर करणार?" तो बिचारा म्हणाला, "मोबाइलवर, मादाम." आईने खिडकी लावून घेतली.

तू आईला फोन करत नाहीस, हे त्या माणसाला कुठून माहीत असणार. ईस्टरला केलास तो शेवटचा. तेव्हा तू तिला म्हणालीस की तुला यायचं आहे पण आन्येस येऊ देत नाही, माणसं आली की आईला त्रास होतो असं आन्येस सांगते. मी तेव्हा बागेत होते. आत आले तर आई खुर्चीत बसून मला बघत होती, जशी शाळेत सिस्टर बघायच्या, हातमोजा हरवला की. तेव्हापासून ती बाजारात चीजवालीला, डॉक्टरांकडच्या बाईला, शेजारच्या युगेतला, सगळ्यांना सांगते: "माझी थोरली माझ्या धाकटीला येऊ देत नाही." मी तिची टोपली धरून शेजारी उभी असते. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर तिला तुझ्यावरचा काढावा लागेल, आणि तेवढं तिच्याने होत नाही.

तर, तुझी एक इच्छा मात्र मी पुरी केली आहे. किती वर्षं म्हणत होतीस, आन्येस, खिशातला फोन घे, म्हणजे आई मध्ये न येता आपल्याला बोलता येईल. नंबर घेतला. शून्य-सहाने सुरू होतो, सगळ्या मोबाइलसारखा, तुझ्यासारखाच. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे. रविवारी चारच्या सुमाराला कर, तेव्हा मी बसलेली असते.

आईची तब्येत बरी आहे. पायाला सूज आहे.

तुझी,
आन्येस


ला फेरिएर, २७ नोव्हेंबर

प्रिय सोलांज,

रविवारी तू फोन करतेस, बरं वाटतं. पाच आठवड्यांत जेवढं बोललीस तेवढं मागच्या पाच वर्षांत बोलली नव्हतीस. माणूस मोकळेपणाने बोलतं तेव्हाच कळतं ते कसं आहे.

तू विचारलंस, माझा आवाज इतका दाट का येतो, आणि फोन उचलताना खटकन कसला आवाज होतो. फोन जुना आहे, म्हणून. नवीन घ्यायची ऐपत आहे ग, पण मला जुना आवडतो. तुझ्या नवऱ्याला सांग, बेर्त्रांने निवडून दिलेल्या त्या चकचकीत फोनची गरज नाही, आभार.

काल मी तुला मुद्दाम पुन्हा विचारलं, नाताळला येशील का. तू पुन्हा नाहीच म्हणालीस. मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, जरा मोठ्याने सांग. तू मोठ्याने सांगितलंस. आभार.

तुला एक बातमी द्यायची राहिली. एक नोव्हेंबरला आम्ही बाबांच्या थडग्यावर ठेवायला शेवंतीची कुंडी घेतली. फुलवालीने नेहमीप्रमाणे विचारलं, काय मादाम हामेल, धाकटी येणार का या वेळी? मी टोपली या हातातून त्या हातात घेतली. आई म्हणाली, "जांभळी नको, पांढरी दे." एवढंच. वाटेत तिने माझा दंड धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता, काठी धरायची.

तुझ्याबद्दल आता ती विचारत नाही.

नाताळला चॉकलेटं पाठवू नकोस, तिच्या दातांना चालत नाहीत. तू दातांच्या डॉक्टरची बायको, तुला सांगायला नको.

आन्येस


ला फेरिएर, ८ जानेवारी

सोलांज,

काल तू आईसाठी निरोप दिलास. "तिला सांग, आन्येसने बोलावलं असतं तर मी आले असते." ते ऐकलं, आणि आता हे पत्र लिहिते आहे. सिस्टर आंब्र्वाज शिकवायच्या: खोटं बोलणं पाप, पण न विचारलेलं न सांगणं हे पाप नाही. तू विचारलं नाहीस. मी खोटं बोलले नाही. आता आपण होऊन सांगते.

माझ्या खिशात फोन नाही. कधीच नव्हता.

शून्य-सहाचा तो नंबर आपल्या जेवणघरात वाजतो, भांड्यांच्या कपाटावर, त्याच राखाडी फोनमध्ये. लाइन बंद झाली तेव्हा मी आईला मोबाइल आणून दिला होता. तिने तो तळहातावर ठेवून तोलला. म्हणाली, याला वजनच नाही, यावर कोण काय खरं बोलणार. बोट लावलं की काच कुठल्या कुठे पळायची. दोन दिवस तिने तो ब्रेडच्या टोपलीत ठेवला. मग युगेतने व्हीरच्या एका घड्याळजीचा पत्ता दिला, तो जुने फोन चालू करून देतो. सिगारेटच्या पाकिटाएवढी एक डबी आहे. मोबाइलचं कार्ड त्या डबीत जातं, आणि डबीतून एक वायर आपल्या फोनला. डायल फिरवला की डबी आकडे मोजते, जरा थांबते, विचार केल्यासारखी, आणि फोन लागतो. पहिल्या दिवशी घंटी नुसती खोकली. त्याने आत काहीतरी बदललं, मग वाजली. अगदी तशीच, सोलांज. आई डाव्या हाताने केस सारखे करत उठली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

हे मी आईसाठी केलं. तुझ्यासाठी सापळा म्हणून केलं नव्हतं. नंबर तुला दिला तेव्हा मला फक्त एवढं हवं होतं की घंटी वाजावी, आणि पलीकडे तू असावीस, आणि आईने फोन घ्यावा. शून्य-सहा बघितल्यावर तू काय समजशील हे मला ठाऊक होतं, आणि ते मी तुला समजू दिलं. नाहीतर तू केलाच नसतास.

पहिल्या रविवारी घंटी वाजली तेव्हा आई खुर्चीत होती, कपाटाशेजारीच. मी फोन उचलला. तिने काय केलं असेल? मागे हात घातला आणि सासू काढून कानाला लावली. आयुष्यभराची सवय. मी तिला फोन देणारच होते, देवाशपथ. पण तू "हॅलो"सुद्धा न म्हणता सुरुवात केलीस: "ती जवळपास नाही ना?"

मी म्हटलं, "बोल."

म्हणजे मी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मग तू बोललीस. "मी यायचं म्हणजे काय, आन्येस? त्या घराला म्हातारपणाचा वास येतो. रात्रभर माझ्या कपड्यांना येतो. तू तिला सांगत जा ना की तुलाच मी नको आहे. तुला काय फरक पडतो, ती तुझ्याजवळ आहेच. आणि बघ, सगळं आटपेल तेव्हा कळव, मी येऊन जाईन."

आईने सासू आकड्याला नीट अडकवली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. मग म्हणाली, "तेर्गूल करपेल." आणि स्वयंपाकघरात गेली. भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा बराच वेळ आला नाही.

तो पहिला रविवार अपघात होता. त्यानंतरचे नव्हते.

पुढच्या रविवारी चार वाजता मी स्वतः तिची खुर्ची कपाटाजवळ ओढली. तिने नको म्हटलं नाही. नाताळला येशील का, हे मी तुला दोनदा विचारलं. मोठ्याने सांग म्हटलं. ईस्टरला तू आईला काय सांगितलंस, ते मी तुझ्याच तोंडून वदवून घेतलं. तू हसलीस आणि म्हणालीस, "अग, काहीतरी सांगायला नको का? तिला तेवढं पुरतं." आईने सगळं ऐकलं. तिच्या नियमाप्रमाणे, एक शब्द न बोलता.

मला वाईट वाटलं का, असं तुझ्या मनात येईल. टोपली धरून बाजारात उभी राहिले तेव्हा तुला वाटलं होतं का?

गेल्या बुधवारी तिने चीजवालीला आपण होऊन सांगितलं: "आन्येस कुणाला अडवत नाही. धाकटीला आमच्या घरात वास येतो." मागे रांग होती. सगळ्यांनी ऐकलं. चीजवालीने मला चीजचा एक तुकडा जास्त दिला.

तर निरोप पोचला आहे. तू दिलास तेव्हाच.

आन्येस


ला फेरिएर, १२ फेब्रुवारी

सोलांज,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर देत नाही. मला विकृत म्हण, विषारी म्हण, मी जपमाळेखाली सुरी लपवणारी आहे असं तू लिहिलंस ते वाक्य तर चांगलं आहे, शाळेत असतीस तर त्याला बक्षीस मिळालं असतं. युगेतला फोन करून माझी चौकशी करायची गरज नव्हती. ती भिंतीपलीकडे राहते, तिला सगळं माहीत असतं.

रविवारच्या फोनबद्दल लिहिते.

तू फोन करतेस तेव्हा मी उचलते, आणि आई सासू घेते. दर वेळी. मी तिच्यापुढे फोन धरते हे तू युगेतला विचार. गेल्या रविवारी ती इथेच होती, पॅनकेक खात. आईने डोकं हलवलं, आणि सासूच घट्ट धरली. तिला बोलायच्या बाजूने नको आहे. तिला ऐकायच्या बाजूने हवं आहे. तू रडतेस ते ती ऐकते. तू लहानपणीचं काही काही सांगतेस, कोंबड्यांच्या खुराड्यात अडकलेलं, बाबांच्या गाडीत उलटी झालेलं, तेही ऐकते. तू म्हणतेस, "आई, फक्त एकदा ये म्हण. तू म्हणालीस तर मी आत्ता गाडी काढते. पण तू बोलावल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ?"

आणि मग तुला काही ऐकू येत नाही.

हे मला विचारू नकोस. नियम मी केलेला नाही.

तिला सर्दी आहे. छातीत भरली आहे असं डॉक्टर म्हणतात. तू यायचं ते ये किंवा येऊ नकोस, दाराला कडी नसते हे तुला माहीत आहे. लीयाँहून गाडीने एका दिवसाची वाट आहे. मी तुला बोलावणार नाही. मी इतकी वर्षं बोलावलं आहे.

आन्येस


ला फेरिएर, ८ एप्रिल

सोलांज,

चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसलीस. मी मागे वळून बघितलं नाही, पण तुझा खोकला मला कुठेही कळतो. नंतर घरी कॉफीला आली नाहीस. युगेतने मात्र तुला फाटकाशी गाठलं, आणि तू तिला जे म्हणालीस ते तिने मला भांडी विसळता विसळता सांगितलं: "आई मला माफ न करता गेली. इतके रविवार मी रडले, आणि ती एक शब्द बोलली नाही. आता हे मला मरेपर्यंत पुरेल."

मी बशी पुसत होते. पुसत राहिले.

तुला ते मरेपर्यंत पुरावं, अशी माझी इच्छा होती. खोटं कशाला सांगू? त्या रात्री मी चांगली झोपले. दुसऱ्या रात्रीही. हे पत्र लिहिते आहे ते माझं मन द्रवलं म्हणून नव्हे. वकिलाकडे जायच्या आधी घरातल्या वस्तूंची वाटणी आपल्याला आपसात करायची आहे, आणि काही वस्तूंबरोबर त्यांची हकीगतही द्यावी लागते, नाहीतर पुढच्याला कळत नाही की हे काय हातात आलं.

आई गप्प नव्हती.

जानेवारीतल्या तुझ्या त्या पहिल्या रडण्याच्या फोनपासून ती बोलत होती. सासूत बोलत होती. नियम तिचा स्वतःचा, आपल्याला बोट उगारून शिकवलेला, आणि तोच ती विसरली होती. हिवाळ्यात ती बरंच काही विसरत चालली होती. तुझं ऐकून झालं की ती सासू कानावरून काढायची, दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायची, पोळणारा पाव धरावा तशी, आणि त्यात बोलायची. मग पुन्हा कानाला लावून तुझ्या उत्तराची वाट बघायची. तुझं उत्तर यायचं, "आई, काहीतरी बोल ना." ती माझ्याकडे बघायची. "हिला ऐकू येत नाही का ग?"

मी म्हणायची, "लाइन खराब आहे, आई."

आईशी एवढं एकच खोटं मी या सगळ्यात बोलले. तारा काढून नेल्या होत्या, लाइन कुठली.

फोन माझ्या हातात होता. मी तिच्यापुढे धरला, एकदा, युगेतसमोर, ते खरं आहे. तिला वाटलं मी तिच्याकडून सासू काढून घेते आहे, म्हणून ती घट्ट धरून बसली. मला समजावून सांगता आलं असतं. तिच्या हातातलं एक काढून दुसरं द्यायचं, एवढंच होतं, ती काही तान्हं मूल नव्हती. तेही नाही, तर नुसता फोन तिच्या तोंडाजवळ नेला असता तरी तुला सगळं ऐकू गेलं असतं, इतकी ती मोठ्याने बोलायची. मी काय केलं ते सांगते. तिने तोंड उघडलं की मी बोलायच्या बाजूवर तळहात दाबायची. घट्ट. तिचा श्वाससुद्धा तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

का, ते विचारशील. तू तिला खोटं सांगितलंस आणि तिने माझा तिरस्कार केला, तेवढ्याने मी इतकी कडू झाले नसते. तुला वाटतं तितकी मी वाईट नाही, किंवा निदान तेव्हा नव्हते. मला वाटलं होतं, एकदा तिने तुला तुझ्याच तोंडून ऐकलं की ती माझ्याकडे वळेल. आणि वळली ना. शेवंती आणायला गेलो तेव्हा दंड धरला, बाजारात माझं नाव साफ केलं. नाताळच्या रात्री पायाला तेल लावताना माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मी ते सगळं जपून ठेवलं आहे.

पण नाताळनंतरच्या रविवारी मी तेर्गूल वाढायला घेतली तर वर साय नव्हती. आईने ती आधीच काढून बशीत ठेवली होती, वर वाटी उपडी घालून. मी म्हटलं, ही कुणाला? म्हणाली, "सोलांज आली तर." वासाचं ऐकून झाल्यावरसुद्धा. "सगळं आटपेल तेव्हा कळव" हे ऐकून झाल्यावर. मी या घरात इतकी वर्षं तिची तेर्गूल खाल्ली, आणि शेवटची काही वर्षं तर ढवळायलाही मीच असायची, आणि एकदाही तिने विचारलं नाही, आन्येस, साय तुला हवी का? मला सासू मिळाली ना. न्याय झालेला होता.

त्यानंतर दर रविवारी बशी झाकलेली.

तर ती सासूत काय म्हणायची ते तुला सांगते, कारण ते तुझं आहे, आणि मी दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही. दर वेळी थोडं वेगळं, पण शेवट एकच. "सोलांज, रडू नको ग. ये. साय ठेवलीय तुझ्यासाठी." शेवटच्या रविवारी तिला धाप लागत होती, ती फक्त म्हणाली, "ये." आणि सासू कानाला लावून बसली. तू तेव्हा नाक पुसत होतीस. आम्ही दोघींनी ऐकलं.

हे तुला आता कळलं. आता गाडी काढून उपयोग नाही.

वस्तूंचं असं.

खिडकीचे विणलेले पडदे युगेतला. आईने तिला तोंडी कबूल केले होते आणि ती ते दर वसंतात धुवायला मदत करायची.

बाबांची गुरं तपासायची नळी आणि चामड्याची पिशवी गावच्या नव्या डॉक्टरीणबाईंना. पोरसवदा आहेत पण गाई त्यांना घाबरत नाहीत.

आईचं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे राहील. त्यातली जी चित्रं तुझ्या पहिल्या कम्युनियनची आहेत ती काढून सोबत पाठवते.

फोन तुला. घड्याळजीने नीट बांधून दिला आहे, डबी त्याच्यासोबत आहे, कार्डही तिच्यातच. डबीची पिन भिंतीत घातली की चालू होईल. नंबर तोच राहील, शून्य-सहाचा, म्हणजे यापुढे तो तुझ्या घरी वाजेल. माझ्याकडून वाजणार नाही. डायलचा नऊ जरा अडकतो, बोट शेवटपर्यंत न्यावं लागतं.

फोनच्या पाठीवर आकडा रिकामा दिसेल. हरवलं म्हणून घड्याळजीला विचारू नकोस. सासू माझी होती, लहानपणापासून, ती मी ठेवून घेतली आहे. वायर कापताना मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

तेर्गूलचं मातीचं भांडं तुला. कडेला एक बारीक चीर आहे, ती जुनीच आहे, तू आपटलं होतंस तेव्हाची. घासून स्वच्छ केलं आहे.

आणि साय. ती शेवटची बशी, आई गेली त्या आठवड्यातली, गुरुवारपर्यंत वाटीखाली तशीच होती. तू अंत्यविधीला येणार हे मला माहीत होतं. कॉफीला आली असतीस तर मी ती तुझ्यापुढे ठेवली असती. तसं ठरवलं होतं, चमचासुद्धा काढून ठेवला होता. पाहुणे गेल्यावर मी वाटी उचलली. कडेने वाळली होती, मधून अजून मऊ होती.

ती मी खाल्ली.

आन्येस